सोळावा अध्याय

योगिताचं पत्र आलं त्याला तेरा वर्षं झाली. निळं अंतर्देशीय पत्र होतं. अक्षर ठसठशीत, पण कोऱ्या कागदावर लिहायची सवय नसलेल्या मुलांच्या ओळी चढतात तशा ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. मजकूर मला पाठ आहे.

'गुरुजींना साष्टांग नमस्कार. मी आप्पामहाराजांची मुलगी योगिता. आम्ही लिंबागणेशला मामाकडे राहतो. तुम्ही लिहिलेली पोथी मी आईला वाचून दाखवते, तिला वाचता येत नाही. सोळाव्या अध्यायात तुम्ही लिहिलं आहे की शेवटच्या तीन दिवसांत महाराजांना वेदना झाल्या नाहीत आणि त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. आई दर वेळी तिथं थांबवते आणि परत वाचायला सांगते. तुम्ही जवळ होतात असं सगळे म्हणतात. आईला एवढंच विचारायचं आहे की त्यांनी आमची आठवण काढली होती का. नसेल काढली तरी चालेल. पण खरं कळवा.'

मी ते पत्र घडी करून शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर पाठवलं नाही. उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. चार ओळी पुरल्या असत्या.

आप्पाराव आमच्या वाडीतला मेंढपाळ. वाडी तलवाड्यापासून दोन कोसांवर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं मास्तर होतो आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिलो, कारण जावं असं दुसरं ठिकाण नव्हतं. पुस्तकं होती, बायको वत्सला होती, तेवढ्यात आमचं भागत होतं. लोकांत मिसळणं मला कधी जमलं नाही. वर्गातसुद्धा मी मुलांकडे न बघता खिडकीकडे बघून शिकवायचो.

मी बदलून आलो त्या वर्षीची गोष्ट. त्याआधी महिनाभर, वत्सलाच्या माहेरी, आमची मुलगी जन्मली आणि अडीच तासांत गेली. वत्सला अजून वाडीला आली नव्हती आणि मी हे इथं कुणाला बोललो नव्हतो. दुपारच्या सुट्टीत मी शाळेच्या ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. हौदावर मेंढरं पाणी पीत होती. आप्पाराव तेव्हा पंचविशीचा असेल, काठी टेकून समोर उभा राहिला.

"मास्तर, लेकराला नाव ठिवलं का?"

मी पुस्तक मिटलं. नाही म्हणालो.

"ठिवा. बिननावाचं जाऊ देऊ नगा." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या हाताबद्दल मला लिहिता येणार नाही. प्रयत्न केला आहे, पोथीत दोन पानं खर्ची घातली आहेत, ती वाईट आहेत. महिनाभर छातीत जे गोठलं होतं ते सुटलं एवढंच सांगतो. त्या रविवारी मी वत्सलाकडे गेलो आणि आम्ही मुलीचं नाव ठेवलं. ते नाव आम्हा दोघांनाच माहीत होतं, आता मला एकट्याला आहे.

आप्पारावात देव होता. तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. आजारी मेंढरू तो मांडीवर घेऊन बसला की ते उठायचं, माणूस त्याच्यापाशी रडून गेला की हलका व्हायचा. आणि हाच आप्पाराव पिठल्यात मिरची कमी पडली की ताट सरकवायचा, कुणाच्या पिकात मेंढरं शिरली की आयमाय काढायचा, बायकोला, सत्यभामाबाईंना, लाडानं 'सत्ते' म्हणून हाक मारायचा. योगिता झाली तेव्हा त्यानं वाडीभर गूळ वाटला होता. त्या काळी मला यात काही विसंगत वाटत नव्हतं. विसंगती नंतर आली, लोक वाढले तेव्हा.

लोक वाढले ते सुग्रीवमुळे. सुग्रीव आप्पारावचा चुलतभाऊ. त्याच्याविषयी मी वाईट लिहिणार नाही. त्याची भक्ती खोटी नव्हती, माझ्यापेक्षा जास्तच असेल. त्यानं आधी पत्र्याची शेड घातली, मग मंदिर बांधलं, मग संस्थान केलं. आप्पारावचा आप्पामहाराज झाला. योगिता तीन वर्षांची असताना एक दिवस सुग्रीवनं ठरवलं की महाराजांना संसार शोभत नाही. सत्यभामाबाईंना आणि पोरीला लिंबागणेशला भावाकडे पोचवण्यात आलं. आप्पाराव काही बोलला नाही. त्या दिवशी तो मेंढरांत जाऊन बसला आणि अंधार पडेपर्यंत उठला नाही, एवढं मला आठवतं. लोक म्हणाले, समाधी लागली. मीही तसंच लिहिलं.

शेवटचं दुखणं आलं ते श्रावणात. साखरेचा आजार होताच. पायाला काटा लागला, तो चिघळला, आणि घोट्यापर्यंत पाय काळा पडला. आरोग्य उपकेंद्रातल्या साळवे सिस्टर पट्टी करायला येत. बाई ख्रिस्ती, जालन्याकडच्या, बोलायला एकदम फटकळ. पट्टी सोडून बघितल्यावर त्या सरळ सुग्रीवकडे वळल्या.

"सुग्रीवराव, ह्यास्नी आजच्या आज अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पाय जाईल, पर जीव ऱ्हाईल."

"पाय जाईल म्हंजी?"

"कापावा लागंल."

"देवाचा पाय कापायचा?" सुग्रीवचा आवाज चिरला. "सिस्टर, लोकं ह्या पायावर डोकं ठिवत्यात. त्यास्नी काय दावू मी, लाकडाचा पाय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ही महाराजांची लीला हाय, बाई. तुमास्नी न्हाई कळायची."

"लीला? आन् मघा पट्टी सोडताना 'आई गं' म्हणले, ते काय होतं?"

"तेबी लीलाच."

सिस्टर उठून बाहेर आल्या. मी तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्या साबण चोळत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"गुरुजी, तुमी शिकल्यालं माणूस. तुमी तरी बोला की."

मी म्हणालो, "त्यांची श्रद्धा आहे, सिस्टर. ते देव मानतात."

"मंग मानू द्या ना! मी कुठं नगं म्हणते? आमीबी एकाला देव मानतो. त्याला खिळे ठोकले तवा त्यानं पाणी मागितलं, गुरुजी. तहान लागली म्हणला. आईकडं बघून शिष्याला म्हणला, हिला सांभाळ. हे आमी कधी लपवलं न्हाई. आमच्या जुन्या लोकांत ह्यावरून लई भांडणं झाली. कोण म्हणे देवाला कसं दुखंल, नुसतं सोंग केलं असंल. कोण म्हणे मंग देवच न्हवता. शेवटी ठरलं, तो सगळा देव आन् सगळा माणूस. अर्धी भाकर हिकडची, अर्धी तिकडची, असं न्हाई. दोन्ही अख्खं, एकाच अंगात." त्यांनी हात झटकले. "माझ्या आजीनं शिकवलंय हे. मला तरी कुठं पुरतं कळतंय. पर एक कळतं. दुखणं खोटं म्हणलं ना, की त्या माणसालाच खोटं केलं. मंग देव ऱ्हायला कुठं? कुणाच्या अंगात?"

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना येऊ नका असा निरोप गेला. सुग्रीवनं मला एक कोरी वही आणून दिली. महाराजांचे अखेरचे शब्द उतरवून घ्यायचे, पोथीसाठी. म्हणून मी उशाशी बसलो होतो. बाकी लोक बाहेर भजन करत होते. आत आम्ही तिघंच.

त्या दुपारी आप्पारावनं माझं मनगट धरलं. हात तापलेला होता. "मास्तर, न्या मला. ती बाई म्हनती तिकडं न्या. लई ठणकतंय वो." मी सुग्रीवकडे बघितलं. सुग्रीव रडत होता, पण मान नाही म्हणून हलवत होता. बाहेर पन्नास माणसं होती. मी उठून ओरडलो असतो तर त्यातल्या दहांनी तरी ऐकलं असतं, मी त्यांच्या पोरांना शिकवलं होतं. मी ओरडलो नाही. मी आप्पारावचा हात दोन्ही हातांत धरून बसलो आणि स्वतःला सांगितलं की सुग्रीव घरचा माणूस आहे, मी कोण.

त्या रात्री तो ओरडत, रडत, पाणी मागत राहिला; तिसऱ्या दिवशी सकाळी भानावर आला. "सत्ती आली का?" असं विचारलं. थोड्या वेळानं परत विचारलं, मग परत. तिसऱ्यांदा विचारताना त्याला ठाऊक होतं की ती येणार नाही. ते त्याच्या तोंडावर दिसलं. मग म्हणाला, "योगीचं धाव्वीचं काय झालं?"

तेरा वर्षं त्यानं मुलीला पाहिलं नव्हतं. आमच्यापैकी कुणी तिचं नाव त्याच्यापुढे काढत नव्हतं. आणि ती त्या वर्षी दहावीला बसली होती, हे त्याला माहीत होतं. म्हणजे तो वर्षं मोजत होता.

दहाच्या सुमाराला तो गेला. शेवटचा तासभर नुसता कण्हत होता. सुग्रीवनं डोळे पुसले आणि माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं. "मास्तर, हे लिव्हू नगा. लोकांचा आधार तुटंल." वही कोरीच होती.

पोथी मी सात महिन्यांत लिहिली. अठरा अध्याय. मी कवी नाही; ओवी जमते कारण ओवी जमवता येते. सोळाव्या अध्यायात पोचलो तेव्हा आठवडाभर अडलो होतो. मग एका बैठकीत हे उतरलं:

'देह पडिला वेदनांपाशी । परी वेदना न शिवे स्वामीसी ।
जैसें जळ कमलपत्रासी । स्पर्शोनि अस्पर्श राहिलें ॥
नाही घेतलें नाम कोणाचें । पाश तुटले प्रपंचाचे ।
हास्य मुखावरी स्वानंदाचें । शेवटवरी मावळेना ॥'

कमळाचं पान मी आयुष्यात तळ्यात पाहिलेलं नाही. गेवराईच्या छापखान्यात पोथी छापली गेली आणि पहिल्या पुण्यतिथीला मला शाल घातली. सोळावा अध्याय वाचला तेव्हा लोक हुंदके देत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझं लिहिलेलं कुणी ऐकतंय, हे मी प्रथमच पाहत होतो.

पुढं एक रीत पडली. ती कुणी पाडली नाही, आपोआप पडली. वाडीत कुणी अखेरच्या दुखण्यात असलं की उशाशी बसून सोळावा अध्याय वाचायचा. आधी मला वाटलं, चांगलं आहे, धीर येत असेल. मग एकदा मी एका म्हाताऱ्याला बघायला गेलो होतो. त्याच्या पोटात गाठ होती. तो ओरडला, तर त्याचा थोरला मुलगा म्हणाला, "आबा, महाराजास्नी येवढं झालं, ते कण्हले का? तुमी कावून वरडता? लोकं बाहीर बसल्यात." म्हाताऱ्यानं तोंड मिटलं. हळूहळू वाडीत त्याचं मोजमापच झालं. अमका शांत गेला, महाराजांचा खरा माणूस. तमका ओरडला, काहीतरी पाप असणार.

याच सुमाराला योगिताचं पत्र आलं. एकदा लिहायला बसलो होतो, कबूल करतो. 'चि. योगिता, होय' इतकं लिहिलं. पण 'होय'नंतर पुढचं सगळं येतं. आठवण काढली, तर मग बोलावलं का नाही? कण्हले, तर मग नेलं का नाही? एक धागा ओढला की आख्खं उसवतं, आणि त्यात माझ्या मनगटावरचा तो हातही येतो. मी कागद फाडला.

सत्यभामाबाई दर पुण्यतिथीला येत. बायकांत सगळ्यात मागं, खांबाला टेकून बसत. सोळावा अध्याय सुरू झाला की पदर पुढं ओढत. मी व्यासपीठावरून खाली पाहत नसे.

वत्सला दोन वर्षांपूर्वी गेली, पौषात. हाडांत पसरलेला रोग होता. दवाखान्यातून घरी पाठवलं, गोळ्या दिल्या होत्या, त्या पुरत नव्हत्या. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या गीताबाई आणि दोघीजणी पोथी घेऊन आल्या. मी त्यांना नको म्हणू शकलो असतो. पोथी माझी, घर माझं. त्यांनी पाट मांडला, उदबत्ती लावली आणि वाचायला बसल्या. वत्सला ऐकत होती. तिला माझ्या ओव्यांचा अभिमान होता. आमच्या घरात तेवढीच एक मोठी गोष्ट घडली होती.

बायका चहाला उठल्या तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"अवो, एक विचारू? खरंच दुखलं न्हवतं का त्यास्नी?"

मी तिथं होतो हे तिला माहीत होतं. माझं उत्तर ती शेवटचं मानणार होती, हेही मला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर ती मोकळेपणी ओरडली असती. पण त्याच क्षणी तिला हेही कळलं असतं की चौदा वर्षं ती ज्याच्याबरोबर अभिमानानं राहिली तो माणूस खोटं लिहीत होता. मी तिला वाचवतो आहे अशी स्वतःची समजूत घातली. वाचवत मी स्वतःला होतो.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग मलाच कसं वो सोसंना," ती म्हणाली, आणि तिनं पदराचा बोळा करून दातांत धरला.

सहा दिवस तिनं तो धरला. गीताबाई बाहेर सांगत होत्या, "गुरुजीच्या बाईनं पोथीचं नाव राखलं बया, हू का चू न्हाई."

ती गेल्यावर आठव्या दिवशी सत्यभामाबाई भेटायला आल्या. लिंबागणेशहून बीड, बीडहून गेवराई, तिथून जीप. सत्तरीला टेकलेली बाई. घरात पाच-सहा बायका बसल्या होत्या. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, वैनीला लई तरास झाला का?"

आठवडाभर मी सगळ्यांना एकच सांगत होतो, शांत गेली. सत्यभामाबाईंना मात्र मला तसं सांगता आलं नाही.

"फार झाला," मी म्हणालो. "सोसवत नव्हतं तिला."

गीताबाईंनी चमकून पाहिलं. सत्यभामाबाईंनी मान डोलावली.

"मला वाटलंच. आंगूळ घालणाऱ्या बाया सांगत व्हत्या, व्हट फाटला व्हता." मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. न्हाईतर मानसाचं दुखनं कुनाला ठावंच ऱ्हात न्हाई."

त्यानंतर त्या बसून राहिल्या. काही विचारलं नाही. लेकीनं पत्र टाकलं होतं याचा उल्लेख नाही. फक्त माझ्याकडे बघत होत्या, आणि मला कळत होतं की त्या वाट बघत आहेत. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. शेवटी त्या उठल्या. "जाते. जीप निघंल. योगीला गावातच दिलीया, दोन लेकरं हायत तिला. सांजच्याला माझ्याकडंच असती." दारापर्यंत जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि गेल्या.

तरीही मी लिहिलं नाही. आणखी दोन वर्षं गेली. माणूस किती काळ गप्प राहू शकतो याला काही सीमा नसावी.

गेल्या महिन्यात पोथीची सहावी आवृत्ती काढायचं ठरलं. जुळवून ठेवलेल्या पानांचे जुने फर्मे उरले नाहीत म्हणून सगळी पोथी संगणकावर नव्यानं टाईप करायची होती. गेवराईचा छापखाना आता कामरान चालवतो. पहिली आवृत्ती त्याच्या वडिलांनी, फकीरभाईंनी, शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून काढली होती. मी तपासणीसाठी गेलो होतो. कामराननं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"गुरुजी, एक बोलू? राग न्हाई ना धरणार?"

"बोल की."

"आमाला तुमच्यातलं काय कळत न्हाई. पर टाईप करायचं म्हणलं की वाचावं लागतंच. हे सोळावं प्रकरण... अब्बा गेल्या साली गेले. गुर्दे, किडन्या, खराब झालते. लई वरडले, गुरुजी. आख्खी गल्ली ऐकत होती. पाच वक्ताचे नमाजी, कुणाचा पैसा न्हाई खाल्ला." तो पडद्याकडेच बघत होता. "ह्या हिशोबानं अब्बाचं इमान कच्चं होतं म्हणायचं का?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तसं नाही. तो अध्याय चुकीचा आहे. महाराजही ओरडले होते. मी तिथं होतो."

कामरान वळला. मग म्हणाला, "मंग दुरुस्त करा की. जुन्या टायमाला अब्बास्नी आख्खं पान मोडावं लागायचं. आता दोन मिन्टाचं काम हाय."

दोन मिनिटांचं काम मी आठ दिवस केलं. नव्या ओव्या लिहिल्या. त्यात कण्हणं घातलं, पाणी घातलं, 'सत्ती आली का' घातलं. कमळाचं पान काढलं. आणि संस्थानात जाऊन सुग्रीवच्या हातात कागद ठेवला. तोही थकला आहे. चष्मा पुसून पुसून त्यानं वाचलं. 'सत्ती आली का'च्या ओवीपाशी त्याची बोटं थांबली.

"मास्तर, म्हातारपणी हे काय खूळ घेतलं?"

"खरं आहे ते, सुग्रीवराव. तुम्हीही होतात."

"व्हतो. रोज असतो तितं. झोपंतबी असतो." त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. "पर आता सोळा वर्षं झाली. लोकं मरताना हे ऐकत्यात. त्यास्नी काय सांगू, देवबी तुमच्यावानी बोंबलला?"

"हो. तेच सांगा. देव त्यांच्यासारखाच ओरडला. तो देव होता आणि त्याला दुखलं. माझ्या बायकोला हे कळलं असतं तर..."

सुग्रीवनं कागद परत आपल्याकडे ओढला. मला वाटलं तो हो म्हणेल. मग तो म्हणाला, "आन् लोकं इचारतील, दुखत व्हतं तर दवाखान्यात कावून न्हेलं न्हाई. त्याला कोन जबाब देनार? तुमी?"

"मी देईन."

"तुमी?" तो हसला, पण हसण्यात वाईट काही नव्हतं. "मास्तर, तुमी उभ्या जल्मात कुनाला जबाब दिलाय का? पोथी हाय तशीच छापायची. तुमचं नाव काढायचं असंल तर काढा. पोथीला नाव लागत न्हाई."

तेव्हा पोथी आहे तशीच छापली जाईल. या पुण्यतिथीला सोळावा अध्याय वाचतील आणि माझ्यानंतरही कुणाच्यातरी उशाशी वाचतील. मला ते थांबवता आलं नाही. कदाचित दुसरं कुणी असतं तर थांबवलं असतं. नाव मात्र मी काढलं नाही. खोटं माझं आहे, ते माझ्याच नावावर असलेलं बरं.

घरी आलो आणि त्याच दुपारी लिहायला बसलो. वत्सला असती तर तिनं विचारलं असतं, कुणाला लिहिताय. चार वेळा सुरुवात चुकली. पाचव्यांदा सुरुवातच केली नाही, सरळ लिहीत गेलो.

'चि. योगिता, तुझ्या पत्राला तेरा वर्षं उत्तर दिलं नाही. त्याला कारण भित्रेपणा, दुसरं काही नाही. हे पत्र आईला वाचून दाखव.

तुझ्या वडिलांना फार दुखलं. ते कण्हले, रडले, पाणी मागितलं. पोथीत लिहिलं ते खोटं आहे आणि ते मी लिहिलं आहे. त्यांना अंबाजोगाईला जायचं होतं. तसं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं आणि मी त्यांना नेलं नाही. नेलं असतं तर ते वाचले असते की नाही, मला ठाऊक नाही. पण मी नेलं नाही.

शेवटच्या सकाळी त्यांनी तीन वेळा विचारलं, "सत्ती आली का?" हेच शब्द. नंतर विचारलं, "योगीचं दहावीचं काय झालं?" त्यानंतर ते बोलले नाहीत. त्यांच्या तोंडचं शेवटचं नाव तुझं होतं. तू कितवीत आहेस हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते देव होते असं मी आजही मानतो. आधी मला वाटायचं की देव होते म्हणून त्यांना तुमची आठवण आली नसावी असं लिहिणं योग्य. आता वाटतं, ज्याला तुमची आठवण आली नाही असा देव मला नको आहे.

क्षमा मागत नाही, मागण्याचा अधिकार नाही. आईला विचारायचं असेल ते मला विचारा. या वेळी उत्तर देईन. तुम्ही म्हणाल तेव्हा मी तिकडे येईन.'

खाली सही केली. पुन्हा वाचलं तर 'मला नको आहे' हे फार मोठं वाक्य वाटलं, मी कोण असं म्हणणारा, म्हणून खोडायला गेलो आणि तसंच ठेवलं.

आज सकाळी तलवाड्याला गेलो. पोस्टात एक मुलगी बसते, ऋतुजा. तिनं पाकीट काट्यावर ठेवलं.

"आजोबा, साधं का स्पीडपोस्ट?"

"लवकर जाईल ते."

"घेणाऱ्याचा मोबाईल नंबर?"

"नाही माझ्याकडे."

"ऱ्हाऊ द्या. पत्ता नीट हाय." तिनं वाचलं. "योगिता, द्वारा सत्यभामाबाई, मुक्काम पोस्ट लिंबागणेश. आत कागदच हायत ना?"

"कागदच आहेत."

तिनं चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.

"परवापर्यंत पोचंल," ती म्हणाली.